फुलपाखरांचें माहेर

पावसाळा सरत आला म्हणजे जळगांव-धुळ्याच्या शिवारांत, बांधांवर व गांवाबाहेरील पडीक जागेंत फुलपाखरें दिसूं लागतात. तीं आपल्याही अंगणांत यावींत असें कोणास वाटत नाहीं? त्याकरितां पुष्कळ लोक हौसेनें झेंडू, गुलाब इत्यादि फुलझाडें लावितात. फुलपाखरें येतात, मध घेतात आणि निघून जातात. मुक्काम मात्र करीत नाहींत. असें कां व्हावें, याचा येथें थोडा विचार करूं.

फूल हें फुलपाखराचें अन्नछत्र आहे. त्याचें माहेर निराळें आहे. मादी अंडीं घालिते तीं बहुधा ठराविक झाडांच्या पानांवर. कारण अंड्यांतून निघालेली अळी तेंच पान खाऊन वाढते. भलतें पान पुढें ठेविलें तर ती उपाशी मरेल, पण तें खाणार नाहीं. अशा झाडास त्या जातीची खाद्यवनस्पति म्हणतात. मूल जन्मास यावें म्हणून लेक माहेरीं येते. तशी मादी या झाडाकडे येते. माहेरच उरलें नाहीं तर ती कोठें जाणार?

आणि हीं झाडें कांहीं दुर्मिळ नव्हेत. शनिवारीं मारुतीस जिच्या पानांची माळ घालितात ती रुई घ्या. काळ्या-पांढऱ्या टोकांच्या नारिंगी पंखांचें एक फुलपाखरूं तिच्या पानावर एकेक सुटें अंडें घालितें. त्याची काळी-पांढरी-पिवळी पट्टेदार अळी रुईचें विषारी पान पचविते. त्यामुळें पुढें पक्षीहि त्या फुलपाखराच्या वाटेस जात नाहींत. लिंबू, बेल व कढीनिंब हें लिंबाळीचें माहेर. तिची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसून शत्रूस फसविते व मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. बहाव्यावर फिकट पिवळीं, तर टाकळ्यावर इवलीं हळदुवीं फुलपाखरें जन्मतात. एरंड, वाघाटी, आपण भाजी करितों ती घोळ, यांचाहि असाच कोणाशीं ना कोणाशीं संबंध आहे.

दुःखाची गोष्ट ही कीं, यांतील बरींच झाडें आपण ‘तण’ म्हणून उपटून टाकितों. यावल व अनेर धरण या अभयारण्यांमुळें सातपुड्याच्या पायथ्याचें कांहीं रान राखलें गेलें आहे. परंतु गांवांत व शेतांत बांध साफ होत आहेत आणि औषधांची फवारणी चालू आहे.

येथें वडीलमंडळी एक शंका काढतील: बोंडअळीनें शेतकरी बेजार झाला असतां आणखी अळ्या कां पोसाव्या? शंका रास्त आहे. पण कपाशीचीं बोंडें पोखरणारी गुलाबी अळी ही एका बारीक पतंगाची होय, फुलपाखराची नव्हे. रुईवरील अळी कपाशीस तोंड लावणार नाहीं. लिंबाळीची अळी मात्र कोवळ्या रोपांची पानें फस्त करिते व रोपवाटिकेंत नुकसान करिते, हें खरें. परंतु परसांतील वाढलेल्या लिंबाचीं चार पानें गेल्यानें झाड मरत नाहीं. त्यास पुन्हां पालवी फुटते.

महाराष्ट्रानें इ. स. २०१५ मध्यें ब्ल्यू मॉर्मन ऊर्फ नीलवंत यास राज्य-फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारें हें भारतांतील पहिलेंच राज्य. हा नीलवंत लिंबाळीचाच भाऊबंद असून त्याची अळीहि लिंबाच्या कुळांतील झाडांवर वाढते. परंतु मान सरकारनें दिला तरी झाड कोणीतरी लावावयास हवें. ठाण्याजवळ ओवळे येथें श्री. राजेंद्र ओवळेकर या खेळाच्या शिक्षकांनीं सुमारें दोन एकर जागेंत अशीं झाडें लाविलीं व वाढविलीं. आज ती वाडी फुलपाखरांची बाग म्हणून प्रसिद्ध आहे व लोक ती पाहावयास जातात.

आपल्याजवळ दोन एकर नसतील. एक कोपरा तर आहे. पहिला पाऊस पडतांच तेथें एक लिंबू किंवा कढीनिंब लावा. कुंपणाकडेची रुई राहूं द्या. तिचा चीक डोळ्यांत जाऊं देऊं नका व हात धुवा. जवळच मधासाठीं झेंडू किंवा घाणेरीऐवजीं सदाफुली, जास्वंद असूं द्या. त्या जागीं विषारी औषध फवारूं नका. मग एक वही करा: अंडें कोणत्या दिवशीं दिसलें, अळी केव्हां निघाली, कोश कधीं झाला, फुलपाखरूं कधीं उडालें. चांगल्या हवेंत हा सारा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. इ. स. २०२० मध्यें सप्टेंबर महिना देशभर फुलपाखरांच्या नोंदींसाठीं साजरा करण्यास आरंभ झाला. तुमची वही त्या कामींहि उपयोगी पडेल.

पानास भोंक पडलेलें दिसलें म्हणजे हळहळूं नका. आपण लाविलेल्या झाडावर कोणाचें तरी मूल जेवून गेलें, एवढें समजा.