सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी आणि शैक्षणिक कर्ज : एक हिशेब



बारावीला जीवशास्त्र घेतलेली आपली बरीच मुले-मुली सूक्ष्मजीवशास्त्रात, म्हणजेच मायक्रोबायॉलॉजीत, बी.एस्सी. करण्याचा विचार करतात. विषय उत्तम आहे. मात्र शिक्षणासाठी कर्ज काढायचे असेल, तर प्रवेश-अर्ज भरण्याआधी एक हिशेब मांडलाच पाहिजे. तो कसा मांडावा, हे या पाठात पाहू.

काम कोठे मिळते?

इंदूरकरांना फार दूर जावे लागत नाही. पीथमपूरच्या औषध कारखान्यांत इंजेक्शन निर्जंतुक आहे का, पाण्यात व खोलीच्या हवेत जंतू किती, याची नियमित तपासणी करावी लागते. दूध, मिठाई आणि नमकीन तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही हेच ज्ञान लागते. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी चालते. अन्न विश्लेषक व्हायचे असेल, तर एम.एस्सी., तीन वर्षांचा अनुभव आणि वेगळी परीक्षा लागते.

येथे एक गैरसमज दूर करू. ही पदवी घेतली की रुग्णालयात लॅब टेक्निशियन होता येते, असे अनेक पालक धरून चालतात. त्या कामासाठी डी.एम.एल.टी. किंवा बी.एम.एल.टी. हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

कर्ज कसे वाढते?

समजा, खासगी महाविद्यालयात दरवर्षी १ लाख, असे तीन वर्षांत ३ लाख रुपये कर्ज घेतले. व्याज १० टक्के धरू. शिक्षण संपल्यावर साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चालू असते. पहिल्या लाखावर चार वर्षांचे ४० हजार, दुसऱ्यावर तीन वर्षांचे ३० हजार आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे २० हजार, असे सरळ व्याजाने ९० हजार होतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच ३ लाखांचे ३ लाख ९० हजार झाले!

ही रक्कम सात वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,४७५ रुपये येतो. एकूण भरणा होतो जवळजवळ ५ लाख ४४ हजार. हेच ९० हजारांचे व्याज पालकांनी त्या चार वर्षांत वेळच्या वेळी भरले, तर हप्ता ४,९८० वर येतो आणि एकूण खर्चात सुमारे ३५ हजार रुपये वाचतात. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साधारण ८३५ रुपये पडते.

आता पगार पाहू. सुरुवातीला १८ हजार मिळतात असे मानू. ६,४७५ चा हप्ता गेला की उरतात ११,५२५. त्यात खोली, डबा, बस आणि घरी काही पाठवणे. एका महिन्याच्या आजारपणानेही अशा घराचा हप्ता चुकू शकतो. बँकेच्या कागदावर आई किंवा वडील सहकर्जदार असतात, तेव्हा ओझे त्यांच्यावरच येते. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, यावर निश्चिंत होऊ नये. तारण नसले तरी कर्ज फेडावेच लागते.

आम्ही एक साधा नियम सुचवतो : हप्ता पहिल्या पगाराच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त नसावा. १८ हजारांवर तो ३,६०० होतो. वरच्याच दराने आणि मुदतीने पाहिले, तर तीन वर्षांत मिळून सुमारे १ लाख ६५ हजारांपर्यंतच कर्ज घ्यावे.

मग विषय सोडावा का?

मुळीच नाही. विषय ठेवावा, खर्च कमी करावा. शासकीय महाविद्यालयाचे शुल्क खासगीच्या मानाने फार कमी असते. १८९१ पासून चालत आलेले आपले होळकर विज्ञान महाविद्यालय गावातच आहे. घरी राहून शिकले, तर वसतिगृहाचा खर्चही वाचतो. वाढीव पदांसाठी पुढे एम.एस्सी. लागते. म्हणून सगळी ऐपत पहिल्या तीन वर्षांतच संपवू नये. संशोधनाची आवड असेल, त्यांनी नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन वृत्ती लक्षात ठेवावी. १ जानेवारी २०२३ पासून ती दरमहा ३७ हजार रुपये झाली आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी व्याजसवलत आहे. परंतु ती निवडक संस्थांपुरतीच आहे. महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच पाहावे.

स्वाध्याय (पालकांबरोबर सोडवावा)

१. दोन महाविद्यालयांचे तीन वर्षांचे शुल्क, वसतिगृह आणि प्रवास यांची बेरीज करा.
२. मागील दोन वर्षांत तेथून पदवी घेतलेल्या तीन विद्यार्थ्यांना नोकरी व हातात येणारा पगार विचारा. माहितीपत्रकातील आकड्यावर थांबू नका.
३. बँकेतून व्याजदर, मुदत आणि हप्ता लिहून घ्या. हप्ता पगाराच्या एक-पंचमांशात बसतो का, ते पाहा.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, औषध आणि अन्न उद्योगात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या हंगामाआधी शाळेत बोलवावे. मुलांनी स्वप्न मोठे पाहावे. त्याची किंमत मात्र घरातील सर्वांनी एकत्र बसून, वहीत मांडून ठरवावी.