अपस्माराचे न ओळखले जाणारे रूप

फिट म्हटली की माणूस कोसळतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, एवढेच चित्र आपल्यासमोर उभे राहते. परंतु प्रौढांमध्ये नेहमी आढळणारा अपस्माराचा एक प्रकार याहून वेगळा आहे. कानशिलाच्या आत असलेल्या मेंदूच्या भागास टेम्पोरल लोब म्हणतात. स्मरण, भावना व ऐकलेल्याचे आकलन यांच्याशी त्याचा संबंध असतो. तेथील पेशींत विजेचे संदेश एकाएकी बेसुमार सुटले की ही फिट येते.

समजा, काउंटरवरचा मनुष्य नोटा मोजता मोजता थांबतो. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते. विनाकारण भीती वाटते, नसलेला वास येतो किंवा 'हे पूर्वी घडले आहे' असा भास होतो. मग नजर स्थिर होते. तो ओठ चाटतो, कपडे चाचपतो, हाकेला ओ देत नाही. साधारण अर्ध्या ते दोन मिनिटांत हे थांबते. पण काही वेळ गोंधळ राहतो व घडलेले आठवत नाही. लोक मात्र त्याला दारुड्या, वेडा किंवा 'बाहेरची बाधा' झालेला ठरवतात आणि अंगारे-धुपाऱ्यात वर्षे जातात.

निदानासाठी सर्वांत मोलाचे म्हणजे फिट पाहणाऱ्याने केलेले वर्णन. म्हणून रुग्णासोबत घरच्यांनी डॉक्टरांकडे जावे. लहानपणी तापात लांबलेली फिट, डोक्याला लागलेला मार हेही सांगावे. त्यानंतर ईईजी काढतात. तो नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असे नव्हे. झोपेतील ईईजीत दोष सापडू शकतो. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलेला किंवा गाठ दिसू शकते. साधी चक्कर व घबराटीचा झटका यांपासूनही हा आजार वेगळा ओळखावा लागतो.

पुष्कळांना गोळ्यांनी आराम पडतो. त्या मनाने बंद करू नयेत. दोन योग्य औषधे निष्फळ ठरल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील ८० रुग्णांच्या अभ्यासात, वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के, तर केवळ औषधांच्या गटातील ८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते.

बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी १९९९ च्या दुरुस्तीने काढली गेली. कायद्याने काढलेली ही अट आपण मनातूनही काढू या. मुलीचा आजार लपवून तिच्या गोळ्या चुकविण्यापेक्षा तिला वेळेवर मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेणे, हेच खरे पालकत्व होय.