क्षमा झाली, बांध मात्र तिथेच



कुमसार करून आपण हलक्या मनाने चर्चबाहेर येतो. धर्मगुरूंनी दिलेल्या प्रार्थना म्हटल्या की सगळे फिटले असे वाटते. क्षमा खरोखरच झालेली असते, त्यात शंका नको. पण भावाच्या वाडीचा बांध कोरून आपण हातभर जागा आत घेतली असेल, तर कुमसारानंतरही बांध सरकवलेल्या जागीच असतो. क्षमा झालेल्या पापाचे परिणाम मागे का राहतात?

यासाठी दावीद राजाकडे पाहू या. त्याने उरीयाची बायको आपलीशी केली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मरू द्यावे असे पत्र उरीयाच्याच हाती सेनापतीकडे पाठवले. नाथान संदेष्ट्याने त्याला गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. राजा संतापला, मेंढी लुबाडणाऱ्याने चौपट भरून द्यावी म्हणाला. तो लुबाडणारा स्वतः राजाच आहे, हे नाथानने तोंडावर सांगितले. दाविदाने पाप कबूल केले आणि तिथल्या तिथे त्याला क्षमेची ग्वाही मिळाली.

'क' वर्षातील सामान्य काळाच्या अकराव्या रविवारी मिस्सात हे वाचन असते. ते २ शमुवेल १२:१३ वर, क्षमेपाशी थांबते. पुढच्या वचनात दाविदाच्या बाळाच्या मृत्यूची वार्ता आहे. घरी बायबल उघडणारा तिथे अडखळतो, आम्हीही अडखळतो. हे वचन एकटे वाचू नये. बापाचा दोष मुलाच्या माथी येत नाही, असे यहेज्केल १८ सांगते. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी कुणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हा प्रभू येशूने तो हिशेबच नाकारला (योहान ९). म्हणून आजारी लेकराच्या आईने आपले काय चुकले म्हणून झुरू नये, आणि शेजाऱ्यांनी तर तिला तसे मुळीच सुचवू नये.

पापाचा परिणाम खरा कळतो तो १३ व्या अध्यायात. दाविदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला. दावीद फार रागावला, एवढेच लिहिले आहे. न्याय केल्याचे कुठे दिसत नाही. कोणत्या तोंडाने करणार? दोन वर्षांनी अबशालोमने नोकरांकरवी अम्नोनला मारवले. बापाने उरीयाला असेच दुसऱ्यांच्या हातून मारवले होते. वरून वीज पडली नाही. घर आतून कुजले. पापाची शिक्षा म्हणजे देवाने बाहेरून उगवलेला सूड नव्हे, ती पापाच्या स्वभावातूनच येते, असे कॅथलिक श्रद्धाग्रंथ (क्र. १४७२) शिकवतो.

मग कृपेने काय केले? अबशालोमने बंड केले तेव्हा दावीद अनवाणी, रडत जैतुनांचा डोंगर चढला. वाटेत शिमीने धोंडे मारले, रक्तपाती म्हणून शिव्या दिल्या. शिमीचा राग शौलाच्या घराण्यासाठी होता, पण शब्द दाविदाला बरोबर लागू होता. अबीशय त्याचे डोके उडवायला निघाला. दाविदाने त्याला अडवले. पाप झाकण्यासाठी निष्ठावंत सैनिकाचा जीव घेणारा हा राजा आता भर रस्त्यात पाप बोलून दाखवणाऱ्याला जगू देतो. परिणाम टळले नाहीत, ते सोसणारा माणूस बदलला. (मरणापूर्वी शिमीबाबत त्याचे मन पुन्हा फिरले, तेही १ राजे २ मध्ये आहे. कृपेत टिकावे लागते.)

दाविदाने दुसऱ्यासाठी ठरवलेली चौपट भरपाई पुढे जकातदार जक्कयने आपणहून देऊ केली. क्रम पाहा: प्रभू आधी त्याच्या घरी गेला, थैली नंतर सुटली. भरपाईने कृपा विकत मिळत नाही. कृपा आली की हात सैल होतो. प्रायश्चित्त संस्कार पाप हरतो, पण पापाने केलेली मोडतोड दुरुस्त करणे आपल्याकडे राहते (क्र. १४५९). तीन 'नमो मरिया' म्हटल्याने बांध मागे सरकत नाही.

कुमसारात ऐकलेले आम्ही बाहेर कधीही बोलत नाही. म्हणून भावाकडे जायला किंवा बांध मोजून घेताना कुणी सोबत हवे असेल, तर नंतर वेगळे येऊन सांगा. आम्ही येऊ.