पुढचा भाग सरस असतो का? व्हिडिओ गेमच्या धंद्यातला एक धडा

ज्या मालाचे नाव एकदा बाजारात बसले, त्याच नावाने पुढचा माल काढावा, असे कोणत्याही व्यापाऱ्याला वाटते. चपलेचा एखादा नमुना खपला की पुढच्या ईदला त्याच नमुन्याची नवी जोडी दुकानात लागते. ग्राहकही जुन्या नावावर भरवसा ठेवून पैसे काढतो. नवा माल जुन्यापेक्षा चांगलाच असणार, असे तो धरून चालतो. हे धरून चालणे कितपत बरोबर आहे, हे तपासण्यासाठी या वेळी आम्ही एक वेगळाच धंदा निवडला आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेमचा.

हा पोरखेळ आहे, असे म्हणून कुणी पान उलटू नये. आज एक मोठा गेम तयार करायला शेकडो कारागीर लागतात आणि त्यांची काही वर्षे खर्ची पडतात. शिवाय या धंद्यात प्रत्येक मालावर नाव आणि साल असते. कोणता भाग कधी आला, लोकांनी काय तक्रार केली आणि कारखान्याने पुढे काय केले, हे सारे जाहीर असते. आपल्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीच्या नमुन्याचा असा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. म्हणून हा अभ्यास उपयोगी आहे.

मालिका म्हणजे काय?

एखादा गेम चालला की त्याच नावाचा दुसरा, तिसरा, चौथा भाग निघतो. यालाच मालिका म्हणतात. पहिल्या भागात सर्वांत जास्त खर्च पायावर होतो. माणूस पडद्यावर चालणार कसा, भिंत चढणार कशी, उजेड-सावली पडणार कशी, याची यंत्रणा उभी करावी लागते. तिला त्या धंद्यात इंजिन म्हणतात. आपल्या भाषेत हा चप्पल कारागिराचा फर्मा किंवा कापड छापणाऱ्याचा ठसा समजावा. फर्मा एकदा तयार झाला की दुसऱ्या जोडीला कारागिराचे सारे लक्ष शिलाई आणि कातड्याकडे जाते. पुष्कळ मालिकांत दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस का उतरतो, याचे मोठे कारण हेच आहे. हात बसलेला असतो, चूक कळलेली असते आणि मन अजून कंटाळलेले नसते.

एका मालिकेचा हिशेब

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ नावाचा गेम काढला. मुळात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या जुन्या मालिकेचा पुढचा भाग म्हणून काम सुरू झाले होते, पण करता करता तो स्वतंत्रच माल झाला. गेमचा काळ ११९१ सालचा, म्हणजे सुलतान सलाहुद्दीन आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड यांच्या लढाईचा. दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम ही शहरे पडद्यावर उभी केलेली पाहून लोक थक्क झाले. तक्रार एकच होती. खेळणाऱ्याला तेच ते काम पुन्हा पुन्हा करावे लागत होते.

दुसरा भाग दोन वर्षांनी, २००९ साली आला. कंपनीने ती तक्रार मनावर घेतली होती. जागा इटलीची होती, फ्लॉरेन्स आणि व्हेनिसची. कामांत विविधता आली. खेळणाऱ्याला एक पडके गाव दुरुस्त करून, तिथली दुकाने सुरू करून उत्पन्न मिळवता येऊ लागले. मूळ खेळ तसाच राहिला, पण उणीव गेली. आजही या मालिकेतल्या उत्तम भागांत त्याची गणना होते.

यानंतर कंपनीने दर वर्षी भाग काढण्याचे ठरवले. २०१० साली रोम, २०११ साली इस्तंबूल, २०१२ साली अमेरिका. २०१३ साली ‘ब्लॅक फ्लॅग’ नावाचा भाग आला. आदल्या भागात जहाज चालवण्याची एक छोटी गोष्ट होती. तीच लोकांना आवडलेली पाहून या भागात तिला मध्यभागी आणले आणि माल झकास उतरला. म्हणजे सहावा भागही चांगला निघू शकतो.

पण पुढच्याच वर्षी घसरण झाली. २०१४ साली ‘युनिटी’ हा भाग आला. फ्रेंच क्रांतीच्या काळातले पॅरिस आणि रस्त्यावर माणसांची अफाट गर्दी, असा त्याचा मोठा बेत होता. परंतु ठरलेल्या तारखेला माल कच्चाच बाहेर पडला. गेम अडकत होता, माणसे जमिनीतून खाली पडत होती, काहींचे चेहरे गायब होऊन नुसते डोळे आणि दात दिसत होते. समीक्षकांनी आपले मत विक्री सुरू झाल्यानंतर काही तासांनीच छापावे, अशी अटही घातलेली होती. त्यामुळे पहिल्या दिवशी पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला आधी काहीच कळले नाही. हे लोकांना फार झोंबले. अखेर कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि भरपाई म्हणून पुढचे जादा प्रकरण फुकट द्यावे लागले.

विक्रीचा आकडा कुणाचा?

आता मुख्य मुद्दा. २०१५ साली पुढचा भाग आला, ‘सिंडिकेट’. लंडन शहर, साल १८६८. आदल्या वर्षापेक्षा हा माल नीट बांधलेला होता. तरीही पहिल्या आठवड्यात त्याचा खप मंद राहिला. मागच्या वर्षीच्या ‘युनिटी’चा फटका याला बसला, हे कंपनीनेच मान्य केले.

व्यापारी बंधूंनी इथे थोडे थांबून विचार करावा. खराब माल खपला, कारण त्याआधीचा माल चांगला होता. चांगला माल अडला, कारण त्याआधीचा माल खराब होता. म्हणजे नव्या भागाच्या पहिल्या दिवसाची विक्री ही नव्या भागाची परीक्षा नसतेच. ती मागच्या भागाची पावती असते. दुकानाबाहेर रांग लागली म्हणून या वर्षीचा माल उत्तम, असे समजणारा व्यापारी फसतो. ती रांग गेल्या वर्षी कमावलेल्या नावाची असते. या वर्षीच्या मालाचा निकाल पुढच्या वर्षी कळतो, आणि तोवर कच्चा माल घराघरांत पोहोचलेला असतो.

युबीसॉफ्टला हे कळले. २०१६ साली मालिकेचा मोठा भाग काढायचा नाही, असे कंपनीने त्या वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केले. एका हंगामाचा गल्ला सोडून द्यायला छाती लागते. २०१७ साली क्लिओपात्राच्या काळातल्या मिसरवर ‘ओरिजिन्स’ आला. लढाईची रीत नव्याने बांधलेली होती आणि मालिकेत पुन्हा जीव आला. पुढे तर खेळातले लढणे काढून टाकून, फक्त मिसरचा इतिहास फिरून पाहता येईल अशी सोय विद्यार्थ्यांसाठी केली गेली.

‘युनिटी’चेही पुढे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. कंपनीने त्यातले दोष एकेक करून दुरुस्त केले. २०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली, तेव्हा कंपनीने हा गेम आठवडाभर फुकट दिला. त्यात ते चर्च फार बारकाईने उभे केलेले आहे. लोकांनी तो पुन्हा पाहिला आणि वाखाणला. कारागिरी मुळात होतीच. कमी पडला होता तो वेळ.

इतर कारखान्यांची साक्ष

एकाच उदाहरणावर निकाल देणे बरे नाही. इंग्लंडमधील डर्बी गावच्या कोअर डिझाइन या कंपनीने १९९६ साली ‘टूम रेडर’ काढला. तो अफाट चालला. मग १९९७, १९९८, १९९९ आणि २००० अशा प्रत्येक वर्षी एकेक भाग निघाला. तीच माणसे तेच काम करून थकली. १९९९ च्या भागाच्या शेवटी त्यांनी नायिकेला ढिगाऱ्याखाली गाडूनच टाकले! २००३ सालचा भाग अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि इतका फसला की मालकांनी मालिका त्या कारखान्याकडून काढून दुसऱ्याकडे सोपवली. नाव टिकले, पण ज्यांनी ते घडवले त्यांच्या हातून गेले.

जपानच्या निन्टेंडो कंपनीची गोष्ट वेगळी आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. आपल्याकडे टीव्हीला जोडून कॅसेटवर हा गेम खेळलेले पुष्कळ वाचक असतील. १९८६ साली जपानात दुसरा भाग निघाला तो फारच अवघड होता. पहिला भाग पाठ झालेल्यांसाठीच जणू तो बनवला होता. अमेरिकेच्या शाखेने ओळखले की नवा ग्राहक याने पळून जाईल. त्यांनी तो घेतला नाही. १९८८ साली दुसऱ्याच एका जपानी गेमला मारिओचा पोशाख चढवून तिथे दुसरा भाग म्हणून विकले. यावरून असे दिसते की फक्त जुन्या गिऱ्हाइकांची वाहवा ऐकून माल घडवला तर नव्यांसाठी दार बंद होते.

चूक झाल्यावर काय करावे, हे जपानच्याच स्क्वेअर एनिक्स कंपनीने दाखवले. ‘फायनल फँटसी’ या मालिकेचा चौदावा भाग २०१० साली आला आणि सपशेल आपटला. कंपनीने माफी मागितली, प्रमुख बदलला आणि ग्राहकांकडून घ्यायची मासिक वर्गणी वर्षाहून अधिक काळ घेतली नाही. जुना गेम २०१२ साली बंद केला आणि २०१३ साली तोच भाग नव्याने बांधून आणला. पुढे तोच या मालिकेचा आधार बनला.

मात्र नुसता वेळ घेतला म्हणजे माल सुधारतो, असेही नाही. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ हा भाग १९९७ साली जाहीर झाला आणि २०११ साली बाजारात आला. चौदा वर्षांनी हाती आलेला माल शिळा होता. दर हंगामाच्या नव्या फॅशनप्रमाणे पुन्हा उसवून शिवत बसले, तर कपडा कधीच तयार होत नाही.

तसेच काही माल वार्षिकच असतो. फुटबॉलचा गेम ‘फिफा’ १९९३ पासून दर वर्षी निघत आला आणि २०२३ पासून तो ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ या नावाने निघू लागला. त्यात बदल थोडे असतात. पण घेणाऱ्याला या वर्षीचे संघ आणि खेळाडू हवे असतात. हा कॅलेंडरचा धंदा आहे. कॅलेंडर दर वर्षी छापण्यात गैर काही नाही. गैर आहे ते चपलेला कॅलेंडर समजणे.

लहान पण पुरा माल

पुन्हा पहिल्या मालिकेकडे वळू. २०२० सालचा भाग ‘वल्हाला’ इतका मोठा झाला की मुख्य कथा पुरी करायलाच पन्नास-साठ तास लागत. खप मोठा झाला, तरी ‘फार लांबवले’ ही तक्रार राहिली. २०२३ साली आलेला ‘मिराज’ त्याच्या तुलनेत छोटा होता. किंमतही कंपनीच्या इतर मोठ्या गेमपेक्षा कमी ठेवली. जागा होती नवव्या शतकातले अब्बासी बगदाद. खलिफा मन्सूर यांनी वसवलेले गोल शहर, बाजारपेठा, कालवे आणि विद्वानांचे बैतुल हिकमत त्यात पाहायला मिळते. सारे संवाद अरबीतही ऐकण्याची सोय केली. सर्वांनीच त्याला मालिकेतला उत्तम भाग म्हटले नाही, कथा पातळ आहे असेही काहींनी सांगितले. पण पहिल्या भागाची मूळ चव परत आली, याचे जुन्या खेळणाऱ्यांना समाधान वाटले.

आपण काय घ्यावे?

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. पुढचा भाग क्रमांकामुळे सरस होत नाही. तो चूक ऐकल्याने, एखादीच चांगली गोष्ट निवडून वाढवल्याने आणि पुरा वेळ दिल्याने सरस होतो. सहावा भाग चांगला निघाला आणि त्याच नावाचा सातवा कच्चा निघाला, हे आपण पाहिले. आमच्या कारागीर आणि दुकानदार बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. नवा नमुना काढण्याआधी जुन्याची तक्रार लिहून काढा. एकही तक्रार दूर होत नसेल तर तो नवा माल नव्हे, फक्त नवे लेबल आहे.

२. गिऱ्हाईक ज्या गुणासाठी येते, त्याला हात लावू नका. बदल करायचा तो त्याच्या आजूबाजूला करा.

३. हंगामाची तारीख गाठता येत नसेल तर माल थोडा काढा किंवा हंगाम सोडा. कच्चा माल विकून मिळवलेला नफा पुढच्या हंगामाकडून काढलेले कर्ज असते.

४. ज्या हातांनी नाव कमावून दिले, त्यांना दमवू नका. उस्ताद थकला की नमुना थकतो.

५. विकणाऱ्याने भागाच्या क्रमांकावर भरवसा ठेवून ऑर्डर देऊ नये. आधी थोडा माल घ्यावा, दोन जाणत्या गिऱ्हाइकांना दाखवावा, मग पुढचे ठरवावे.

युबीसॉफ्टसारख्या मोठ्या कंपनीने एक हंगाम सोडला तर तिला तो परवडतो. लहान कारखानदाराला तो जड जातो, हे आम्ही जाणतो. पण मोठ्या कंपनीकडे चूक झाल्यावर माफी मागायला जाहिरातीचा पैसाही असतो. लहान कारागिराकडे जाहिरात नसते, फक्त नाव असते. म्हणून ते सांभाळण्याची गरज मोठ्यांपेक्षा त्यालाच अधिक आहे.