ग्रंथलेखनाच्या साधनाविषयी चिरंजीवास

ग्रंथलेखन संगणकावर करावयाचे, तर मजकूर कोणत्या साधनात लिहावा याचा निर्णय पहिल्या प्रकरणापूर्वीच व्हावा. युनिकोड ही प्रत्येक लिपीतील अक्षरास ठरावीक क्रमांक देणारी सामाईक पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तेच लेखन निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. यास्तव मजकूर साध्या मजकूर-फाइलीत, म्हणजे अक्षरांखेरीज ठळकपणा, आकार वा रंग यांची कोणतीही माहिती न साठवणाऱ्या फाइलीत, युनिकोडमध्ये ठेवावा.

अशा फाइलींवर काम करणाऱ्या प्रणालीस टेक्स्ट एडिटर म्हणतात. त्यांतील ईमॅक्स हा मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व वाटता येते. १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात त्याचे पहिले रूप घडले आणि प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स प्रसिद्ध केला. तो प्रोग्रामरांसाठी घडला हे खरे. परंतु कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये आरंभिलेली ऑर्ग-मोड ही त्यातील सोय लेखकाच्याच अधिक कामाची आहे, कारण ओळीच्या आरंभी तारका व तिच्यापुढे मोकळी जागा दिली की ती ओळ शीर्षक होते, टॅब दाबताच त्याखालचा मजकूर मिटतो वा उघडतो आणि संपूर्ण प्रकरण एका आज्ञेने वरखाली सरकवता येते. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक ईमॅक्समध्ये अंगभूत आहे. शिवाय बॅकस्पेसने जोडाक्षर समूळ न जाता शेवटची वेलांटी तेवढी पुसली जाते, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या दुरुस्त्यांत याचे मोल कळते.

आरंभ मात्र रुक्ष आहे. कंट्रोलसह एच आणि मग टी दाबल्यास अंगभूत पाठ उघडतो. तो एकदा पुरा करावा, फाइल उघडणे, जतन करणे, शोधणे व केलेले मागे घेणे एवढ्या आज्ञा हातात बसू द्याव्या आणि उरलेल्या तूर्त सोडाव्या. रंग व मांडणी सजवण्यात महिने घालवून एकही पान न लिहिण्याचा रोग या साधनाच्या भक्तांत फार आहे.

प्रकाशक बहुधा वर्डची प्रत मागेल. ऑर्ग-मोडमधून ओडीटी या दस्तऐवज-स्वरूपातील प्रत निघते व ती वर्डमध्ये उघडते. परंतु त्या प्रतीवर मुद्रितशोधकाने केलेल्या दुरुस्त्या मूळ फाइलीत हातानेच उतरवाव्या लागतात, आणि त्यासाठी लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा.