धूर उपग्रहाला दिसतो, पण नोकरी कशाची?

जून 2023 मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात वणवे भडकले आणि 7 जूनला शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं. त्या धुराचा प्रवास गोझ-16 हा भूस्थिर उपग्रह दर काही मिनिटांनी टिपत होता. अशी चित्रं पाहून मुलांना दूरसंवेदनाची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून पृथ्वीचा अभ्यास करण्याच्या क्षेत्राची, ओढ लागते, पालक ‘कोणता कोर्स?’ म्हणून विचारू लागतात आणि समोर येते ती चार-सहा महिन्यांत नकाशाचं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात. बारावीनंतर लगेच तिथे पैसे भरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र मिळवणं हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर ते कोणालाही फुकट दिसतं. पगार मिळतो तो त्याचा अर्थ लावण्याचा.

तो अर्थ लावणं किती अवघड, ते पाहा. दृश्य प्रकाशात धूर आणि पातळ ढग सारखेच भासतात. औष्णिक अवरक्त किरणांत धूर बराचसा पारदर्शक ठरतो, उंचावरचा थंड ढग मात्र उठून दिसतो. फारच दाट धुराला संगणक कधी ढग समजून वगळतो, म्हणजे जिथे धोका सर्वाधिक तिथेच नकाशा कोरा! शिवाय उपग्रहाला जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा धूर एकत्र दिसतो. तो पाच किलोमीटर उंचीवरून जात असेल तर खालच्या शाळेचं मैदान बंद करायची गरज नाही; जमिनीलगत असेल तर दम्याच्या रुग्णांना आजच सावध करायला हवं. हा निवाडा करायला जमिनीवरच्या हवेतील सूक्ष्म कणांच्या (पीएम 2.5) नोंदी आणि वाऱ्याचं गणित लागतं. त्यासाठी भौतिकशास्त्र, गणित आणि प्रोग्रॅमिंग यांचा पाया पक्का हवा.

‘हे सगळं एआय करेल’ ही भीती अनाठायी नाही. पण संगणकाने चुकून कोरा सोडलेला नकाशा ओळखणारी नजरच त्यामुळे महत्त्वाची ठरते. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागरविषयक संस्थेत प्रशिक्षित विश्लेषक चित्रं पाहून धुराच्या सीमा आखत आले आहेत. ‘वणवे कॅनडात, नोकरी इथे कुठे?’ हा प्रश्नही रास्त आहे. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या आधारे वणव्यांचे इशारे देतं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने दिल्लीच्या हवेसाठी पूर्वसूचना यंत्रणा उभारली आहे. तरीही सरकारी जागा थोड्या आहेत, हे पालकांनी गृहीत धरावं. म्हणूनच पाया व्यापक हवा: तेच गणित हवामान, पीकविमा आणि पाणी नियोजनातही चालतं.

बीएस्सी किंवा अभियांत्रिकी करावी, मग सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातला वातावरणशास्त्राचा अभ्यासक्रम किंवा आयआयटी मुंबईतला दूरसंवेदनाचा विभाग पाहावा. त्याआधी डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचा एखादा मोफत ऑनलाइन कोर्स मुलाला करू द्या. त्यातली गणितं सोडवताना त्याचा उत्साह टिकला, तरच पुढची फी भरा.