इंगलशॅमचें जुनें ख्रिस्तमंदिर

इंग्लंडच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळतांना विद्यार्थ्यांच्या दृष्टीस कँटरबरी, सॉल्झबरी अशा विशाल कॅथीड्रलांचीं चित्रें पडतात, आणि इंग्रजी मध्ययुगांतील बांधकाम म्हणजे एवढेंच, असा त्यांचा समज होतो. परंतु त्या देशाच्या खेड्यापाड्यांतून जीं लहान मंदिरें शेंकडों वर्षें उभीं आहेत, त्यांपासून शिकण्यासारखें कांहीं कमी नाहीं. त्यांपैकीं एकाची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें बांधलें कसें, यापेक्षां तें राखलें कसें, हाच त्याचा विशेष आहे.

विल्टशर परगण्यांत, लेचलेड गांवाजवळ, थेम्स नदीच्या कांठीं इंगलशॅम नांवाचें ठिकाण आहे. त्यास गांव म्हणावें कीं नाहीं असा प्रश्न पडतो; कारण मध्ययुगांतील वस्ती केव्हांच उठून गेली, आणि मंदिराच्या आसपास थोडींच घरें उरलीं आहेत. मंदिर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नांवाचें. १२०५ सालीं जॉन राजानें तें ब्यूली येथील सिस्टर्शियन मठास दिलें, आणि आज दिसणारी इमारत बहुतांशीं त्याच शतकांतील आहे. पूर्वेस वेदीचें दालन, मध्यें मंडळीचें दालन, त्याच्या दोन्ही अंगांस खांब व कमानी, आणि कमानींपलीकडे आपल्याकडील पडवीसारख्या अरुंद बाजू. उंच मनोरा नाहीं. पश्चिमेच्या भिंतीच्या माथ्यावर घंटा टांगण्यापुरतें दगडी बांधकाम आहे, इतकेंच.

दक्षिणेच्या भिंतींत मात्र याहून पुरातन असें एक शिल्प आहे. तें नॉर्मन लोक येण्यापूर्वींचें, म्हणजे १०६६ च्या आधींचें, सॅक्सन कारागिराच्या हातचें आहे. मरिया बाळ येशूस घेऊन बसली आहे आणि वरून देवाचा हात आशीर्वाद देत आहे. पूर्वीं हा दगड बाहेरच्या बाजूस होता, आणि कोणीं तरी त्याचा छायाघड्याळासारखा उपयोग केला. त्या गृहस्थास शिल्पाची पर्वा नसेल, पण उपासनेच्या वेळेची असावी.

सर्वांत मोठें धन भिंतींवर आहे. मध्ययुगांत ज्यांस वाचतां येत नसे, त्यांच्यासाठीं मंदिरांच्या भिंतींवर चित्रें काढीत. धर्मसुधारणेच्या काळीं, सहाव्या एडवर्ड राजाच्या १५४७ च्या आज्ञेनें, मूर्ति व चित्रें नाहींशीं करावयाचीं ठरलीं. ठिकठिकाणीं भिंतींस चुन्याची सफेदी देण्यांत आली आणि त्यावर शास्त्रवचनें लिहिलीं गेलीं. अक्षरें पुसट झालीं म्हणजे पुन्हा सफेदी, पुन्हा अक्षरें. अशा रीतीनें इंगलशॅम येथें तेराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतचे थर एकावर एक चढले. कोठें कोठें तर ते सात आहेत. ज्या चुन्यानें चित्रें झांकावयाचीं, त्याच चुन्यानें तीं राखलीं.

पुढें एकोणिसाव्या शतकांत जीर्णोद्धाराची लाट आली. हेतु वाईट नव्हता. मंदिर मूळच्या शुद्ध रूपांत आणावें, अशी पुष्कळ धर्मशील लोकांची तळमळ होती. पण त्या भरांत शेंकडों मंदिरांचा गिलावा खरवडून टाकला गेला, जुनीं बाकें मोडलीं गेलीं, आणि तेराव्या शतकाच्या नांवाखालीं एकोणिसाव्या शतकाचें नवें काम उभें राहिलें. या प्रकारास विल्यम मॉरिस यानें कडाडून विरोध केला, आणि १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापिली. गेलेला काळ परत आणतां येत नाहीं. म्हणून डागडुजी करावी, नवें रूप देऊं नये, असें या संस्थेचें मत. मॉरिस हा कवि, कारागीर आणि कट्टर समाजवादी होता; नेमानें उपासनेस जाणारा नव्हता. मंदिरावर त्याची माया भाविकांहून अधिक ठरली, हें आम्हांस थोडें बोंचतें.

त्याचें केल्मस्कॉट येथील घर इंगलशॅमपासून थोड्याच मैलांवर होतें. १८८८-८९ मध्यें त्याच्या खटपटीनें व साह्यानें मिकलथ्वेट नांवाच्या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखालीं येथील दुरुस्ती झाली. इमारत मजबूत केली गेली. परंतु सतराव्या-अठराव्या शतकांतील, दार असलेल्या खोक्यांसारखीं बाकें व जुनें व्यासपीठ जागचें हाललें नाहीं. बाकें कांहीं सुंदर नाहींत. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांत बसले होते, आणि तेवढें पुरेसें होतें.

येथें चुन्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. जुनी दगडी भिंत ओल शोषते, आणि सांध्यांतील चुना ती ओल बाहेर जाऊं देतो. सिमेंट कठीण, तें वाट बंद करतें, मग ओल आंत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. आमच्या माहितीच्या एका उपासनामंदिराच्या जुन्या भिंतीस कांहीं वर्षांपूर्वीं सिमेंटचा गिलावा देण्यांत आला. भिंत नव्यासारखी दिसूं लागली. दोन पावसाळे गेले, आणि आंतल्या बाजूस वेदीपर्यंत ओल फुटली. त्या ठरावास हात वर करणारांत आम्हीही होतों.

१९७९ सालीं इंगलशॅमचें मंदिर नित्य उपासनेसाठीं अनावश्यक ठरलें. आज त्याचा सांभाळ अशा ३५० हून अधिक मंदिरांची निगा राखणारी संस्था करते. भिंतींचें काम मात्र नाजूक आहे. सुटलेला गिलावा तज्ज्ञ कारीगर चुन्यानेंच पुन्हा भिंतीस चिकटवितात. पण खालचें चित्र पाहावयाचें तर वरचीं अक्षरें घालवावीं लागतात. वर्गांत ही गोष्ट सांगितली तेव्हां एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, मग खरी भिंत कोणती?" आम्हीं तिच्यापुढें छायाचित्र ठेविलें. शास्त्रवचनाची एक ओळ मध्येंच तुटली आहे, आणि त्या फटीतून तांबड्या रंगाची जुनी रेघ दिसत आहे. कारागिरांनीं दोन्ही तशींच राहूं दिलीं आहेत.